कार्यालयातील संताप आणि मनातला ‘च’

बैठकीत वरिष्ठांनी सर्वांसमक्ष सुनावले, बढतीच्या यादीतून नाव गळले किंवा आपल्या कामाचे श्रेय सहकाऱ्याने घेतले, तर मन अस्वस्थ होणारच. मात्र ही अस्वस्थता घरापर्यंत सोबत येऊ लागली आणि झोप बिघडवू लागली, तर तिच्या मुळाशी जाणे आवश्यक ठरते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती याच प्रश्नाचा विचार करते. तिच्यानुसार भावना केवळ घटनेमुळे निर्माण होत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचा आपला विचार असतो. ‘वरिष्ठांनी नीट बोलावे’ ही इच्छा रास्त आहे. ‘त्यांनी नीट बोललेच पाहिजे, अन्यथा मला सहनच होणार नाही’ हा हट्ट झाला. इच्छेचा हट्ट झाला, की नाराजीचा संताप होतो.

सर्वच भावना घातक नसतात

काळजी माणसाला तयारीला लावते, चिंता हातपाय गाळायला लावते. चुकीची खंत सुधारणेकडे नेते, अपराधगंड मात्र स्वतःलाच नालायक ठरवतो. म्हणूनच भावना दडपणे हा या पद्धतीचा उद्देश नाही. घातक भावनेच्या जागी हितकारक भावना आणणे, हा आहे.

काय करावे?

* संतापाच्या भरात ई-मेलला उत्तर पाठवू नये.
* काय घडले, आपण मनाशी काय म्हणालो आणि काय वाटले, हे तीन रकान्यांत लिहावे.
* मधल्या रकान्यातील ‘च’ शोधावा : ‘झालेच पाहिजे’, ‘कधीच जमणार नाही’. त्याला पुरावा काय आणि त्याने आपले काम साधते का, हे स्वतःला विचारावे.
* एका कामावरील टीका म्हणजे संपूर्ण व्यक्तीवरील शिक्का नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

अन्याय निमूटपणे सोसावा, असा याचा अर्थ नाही. नाराज माणूस मुद्देसूद लेखी तक्रार करू शकतो. संतापलेल्या माणसाची तक्रार बाजूला राहते आणि चर्चा त्याच्या आवाजाचीच होते.

शिवाय प्रत्येक ताणाचे मूळ कर्मचाऱ्याच्या विचारांत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘बर्नआउट’चा समावेश आजारांत न करता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केला. कामाचे तास आणि वाटप सुधारणे ही व्यवस्थापनाचीही जबाबदारी ठरते. उदासी किंवा निद्रानाश आठवडेच्या आठवडे टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.