नाडा, सोंदूर आणि दोराचा पीळ

बैलांनी विहिरीचे पाणी ओढायची मोट थांबून दोन पिढ्या झाल्या. विहिरीच्या काठावर दगडी थारोळे अजून दिसते, बैलांची धाव मात्र बुजून गेली आणि मोटेचे दोर तर कुणाच्याच घरी उरले नाहीत.

सोंडेच्या मोटेला दोर दोन. जाड नाडा मोटेच्या तोंडाला, तो वरच्या चाकावरून जायचा. बारीक सोंदूर सोंडेला, तो खालच्या लाकडी रुळावरून. बैल धावेने उतरले की दोन्ही एकदम ओढले जात आणि काठाशी येताच सोंड थारोळ्यात मोकळी होई. दोघांचे माप जुळले नाही, किंवा एखादा मुरगळून आखडला, तर पाणी वाटेतच सांडायचे. म्हणून दोर ठेवण्याची एवढी शिस्त.

आमच्या सोलापूर भागात हे दोर मातंग कारागीर वळत. अंबाडीची ताटे नाहीतर घायपाताची पाने पाण्यात कुजवायची, वाख म्हणजे तंतू काढून धुवायचा, वाळवायचा. पदर एका अंगाला पिळायचे आणि तीन पदर एकत्र वळताना उलट्या अंगाला. हे दोन पीळ एकमेकांना धरून राहतात, म्हणून दोर उसवत नाही. मोबदला सुगीला, बलुत्याच्या धान्यात. त्रिं. ना. आत्रे यांनी 1915च्या 'गांव-गाडा'त या बलुतेदारीचा हिशेब मांडला आहे. पण ज्याच्या नाड्याने विहीर उपसली जाई, त्यालाच त्या विहिरीला शिवायची बंदी होती. हा अन्याय वगळून दोराचे कौतुक करणे मला जमत नाही.

आजोबा दोर सोडला की आधी पसरून वाळवत; ओला वाख कुजतो. मग जमिनीवरच वेटोळी घालत, पदर ज्या अंगाला वळलेत त्याच अंगाने, बांधल्या टोकाकडून मोकळ्या टोकाकडे, म्हणजे जादा पीळ शेवटाने निघून जाई. मी तळहात-कोपरावर गुंडाळू लागलो की ओरडत, "हातावर नको रं, पीळ भरतोय त्यात!" खरेच आहे, तसे गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो आणि सोडताना दोर गुंततो. शेवटचे हातभर टोक वेटोळ्यावर आडवे गुंडाळून आत ओवायचे आणि खुंटीला अडकवायचे. नाडा, कासरा, दावी, जुंपण्या, प्रत्येकाची खुंटी वेगळी.

1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली; मोटेच्या जागी इंजिने, पुढे विजेचे पंप आले, मग दोरांत नायलॉन. विणलेल्या दोरीला पदरांचा पीळच नसतो. तंबूची असली दोरी इंग्रजी आठाच्या आकारात घातली तर गुंतत नाही, कारण एका फेऱ्याचा पीळ दुसरा काढून टाकतो.

तुमच्या गावात वाख काढलेली, दोर वळलेली माणसे अजून असतील, तर त्यांच्याकडून ते काम शिकून घ्या, आणि लिहिताना त्यांचे नाव लिहा.