लीव्हर भारतात का टिकली

लीव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण 1888 मध्ये ब्रिटनहून भारतात आला. पुढची चाळीसेक वर्षे कंपनीचा इथला धंदा मुख्यतः आयातीवर चालला. स्वदेशीचा जोर आणि वाढती आयात जकात यांमुळे तो परवडेनासा झाला, तेव्हा इथेच कारखाना काढणे भाग पडले. 1931 मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत शिवडीला तिचा वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या शेजारीच 1934 पासून साबण तयार होऊ लागला.

1956 मध्ये, लीव्हर ब्रदर्स जिच्यात विलीन झाली होती त्या युनिलिव्हरच्या इथल्या तीन कंपन्या एकत्र करून हिंदुस्तान लीव्हर उभी राहिली आणि तिचे 10 टक्के भागभांडवल भारतीयांना विकण्यात आले. त्याहून दूरदृष्टीचा निर्णय माणसांबाबतचा होता. प्रकाश टंडन 1961 मध्ये पहिले भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा 205 व्यवस्थापकांपैकी 191 भारतीय होते. इथली बाजारपेठ आणि इथले सरकारी खाते ओळखणारी ही फळी पुढच्या कसोटीत कामी आली.

ती कसोटी म्हणजे 1973 चा परकीय चलन नियमन कायदा, सर्वांच्या तोंडी रुळलेला ‘फेरा’. परदेशी भागीदारी सर्वसाधारणपणे 40 टक्क्यांवर आणण्याचे बंधन त्याने घातले. मूलभूत उद्योग, प्रगत तंत्रज्ञान आणि निर्यात यांना मात्र सवलत होती. मालकी आणि पेयाचे गुपित सोडण्यापेक्षा कोका-कोलाने 1977 मध्ये देश सोडला. आयबीएमनेही पाठोपाठ गाशा गुंडाळला. युनिलिव्हरलाही अल्पमतातली मालकी नको होती. पण तिने सवलतीच्या अटींत बसेल असा धंदाच घडवला. तळोजाला रसायनांचे उत्पादन सुरू झाले. धुलाई पावडरीला लागणाऱ्या सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचा कारखाना 1979 मध्ये हल्दियाला निघाला. निर्यातही वाढवली गेली. 1980 मध्ये युनिलिव्हरचा हिस्सा 51 टक्क्यांवर आला, पण बहुमत हातचे गेले नाही.

या चिकाटीमागे केवळ नफ्याची आशा नव्हती. खाद्यतेलाच्या टंचाईत साबणासाठी कडुनिंब, साल, एरंड आणि भाताचा कोंडा यांची तेले वापरण्याचे तंत्र कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी विकसित केले होते. कारखाने, घाऊक विक्रेत्यांचे जाळे आणि हे ज्ञान विकून त्यांचे मोल वसूल होण्यासारखे नव्हते. कोका-कोलाचे भांडवल मुख्यतः नावात आणि गुपितात होते. ते उचलून नेता आले. मात्र 1993 मध्ये परतताना तिला पारलेची थम्स अप, लिम्का ही पेये विकत घ्यावी लागली.

1991 नंतर परदेशी भागीदारीवरची बंधने सैलावली. 2013 मध्ये युनिलिव्हरने शेअरमागे 600 रुपये मोजून आपला हिस्सा सुमारे 52 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर नेला.