उमेदवार

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर अर्ज घेऊन गेला होता. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष. एआयसीटीईने २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला जागा दिल्यापासून कॉलेजं पोरांच्या मागेच लागली आहेत. केली नाही तर क्रेडिट अपुरे राहतात. गेटवरच्या माणसाने अर्ज वाचलाच नाही. "आत कोण आहे तुमचं?" एवढंच विचारलं. आमचं आत कुणीच नव्हतं.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "मामू, आजकाल फुकट काम करायलाही वशिला लागतो." मला दादांची आठवण झाली. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, याच शहरात गिरणीत माग चालवायला शिकले. तेही फुकट आणि तेही वशिल्यानेच.

त्यांची हकिकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यांचे खालू गिरणीत मागावर होते. पहाटेच्या भोंग्याला दादा त्यांच्यासोबत निघायचे आणि दिवसभर मागाशेजारी उभे राहून तुटलेला धागा जोडायचे. खालूंचं शिकवणं एका वाक्यात संपायचं, "देख, पूछ मत." तीन महिने पगार नाही. मग जॉबरचा हात ओला केला, तेव्हा बदलीवर नाव लागलं. जॉबरची ही दस्तुरी काही आमच्या घरची खासगी गोष्ट नव्हती. १९३१ साली आलेल्या रॉयल कमिशनच्या कामगारविषयक अहवालातही तिची नोंद आहे. त्या तीन महिन्यांत घर कसं चाललं याची नोंद मात्र कुठल्या अहवालात असणार? ते दादींनी बिड्या वळून चालवलं.

आपल्या भाषेत या अवस्थेला जुना शब्द आहे, उमेदवारी. निवडणुकीने तो शब्द पळवला, पण आजही 'चार वर्षं उमेदवारी केली' म्हणतात तेव्हा अर्थ तोच असतो. फारसीतल्या 'उमेद'चा, आशेचा हा शब्द. नोकरी लागेल या आशेवर दारात हजर राहणारा तो उमेदवार. कारखाना, उस्ताद, शागीर्द हे शब्दही फारसीतूनच मराठीत आले आणि इथलेच झाले. उस्तादाचा तर आपण तालमीतला वस्ताद केला. शागीर्दाचं जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. पेशव्यांच्या दप्तरात 'शागीर्दपेशा' म्हणजे हुजरे, नोकरचाकर. शिकायला आलेला पोरगा पाणी भरता भरता चाकर कधी झाला, हे भाषेने टिपून ठेवलं आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, आपली जुनी मिल, मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ साली उभी केली. यंत्रं विलायतेची. ती समजून घेणारे तंत्रज्ञ घडवायला १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, म्हणजे आजची व्हीजेटीआय. खात्याचा मास्तर होणाऱ्यासाठी शाळा होती. मागावर उभं राहणाऱ्याची शाळा म्हणजे खालूंचं ते एक वाक्य.

आणि शिकणारे केवढे असत! १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली. म्हणजे आठ वर्षांचं पोर कायद्याने चालत होतं, दिवसाला नऊ तास. १८९१ साली ही वयाची अट नऊवर गेली, १९२२ साली बारावर. भरलेल्या बॉबिन उतरवून रिकाम्या लावणं हे पोरांचं काम, आणि काम शिकण्याची सुरुवातही तीच. याच शहरात इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं आणि तिथून माणसं गिरणीच्या कामावर नेली. त्याला सुधारणा म्हटलं जाई. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आपण रिक्षावाल्याला सांगतो, तेव्हा त्यातलं 'फ्री' कुठून आलं हे क्वचितच आठवतं.

शिकण्याच्या काळाचे पैसे कुणी द्यायचे, या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर दिलं ते १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने. बघा, मराठी नावात 'उमेदवार' आहेच. ठरावीक जागांवर शिकाऊ घेणं कारखान्यांना बंधनकारक झालं, विद्यावेतन ठरलं. १९७३च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकावाले इंजिनिअरही त्यात आले. २०१९च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९ हजार रुपये ठरवले गेले. कामावर इजा झाली तर भरपाई आहे. पण हाच कायदा असंही सांगतो की शिकाऊ हा कामगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. म्हणजे उमेद कायद्यातही उमेदच राहिली.

माझा भाचा तर त्या कायद्यातही बसत नाही. तो इंटर्न आहे, कॉलेजच्या पत्रावर आलेला. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, सहा महिन्यांसाठी पदवीधराला दरमहा १० हजार. पण ती शिक्षण संपवलेल्यांसाठी. शिकत असताना शिकणाऱ्याचं काय, हे रकान्यात नाही.

शेवटी त्याच्या मित्राच्या वडिलांनी एका दुसऱ्या कारखान्यात शब्द टाकला आणि काम झालं. मीही 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं, आणि मग वाटलं, गेटवर ओळख विचारणाऱ्याला नावं ठेवणारे आपण, आपली ओळख निघताच किती खूश होतो.

पहिले तीन आठवडे त्याने स्टोअरमध्ये नट-बोल्टांची मोजदाद केली. मग टूलरूममधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना त्याची दया आली. त्यांनी त्याला लेथवर उभं केलं, मायक्रोमीटर हातात दिला आणि माप चुकलं की पुन्हा घ्यायला लावलं. पुस्तकात वाचलेला टॉलरन्स हाताला कसा लागतो, हे तो तेव्हापासून घरात येईल त्याला सांगत असतो.

सहा आठवड्यांचं भाडं आणि डबा बहिणीने केला. तिने हिशेब ठेवला नाही, मीच विचारून विचारून काढला: ४ हजारांच्या आसपास. दादी असत्या तर त्यांनी तो बिड्यांत मोजला असता.