डीव्हीडीच्या पाठीवरचा पृथ्वीगोल

डीव्हीडीचं कव्हर उलटं केलं की खाली कोपऱ्यात, बारकोडच्या आसपास, एक चिमुकला पृथ्वीगोल छापलेला दिसतो. त्याच्या पोटात एक आकडा असतो. फ्रान्सच्या डीव्हीडीवर २, हाँगकाँगच्या डीव्हीडीवर ३, भारतात विकल्या जाणाऱ्या हॉलिवूडपटांवर ५. देशोदेशीचे आवडते सिनेमे जमवणाऱ्या माणसाची नजर आधी या गोलाकडे जाते, दिग्दर्शकाचं नाव तो नंतर वाचतो. घरचा प्लेअर तो आकडा मानत नसेल, तर पैसे मोजून आणलेला सिनेमा पडद्यावर उमटतच नाही. या आकड्याचं नाव रीजन कोड. सिनेमा घरात आणून ठेवण्याच्या साऱ्या इतिहासात मला याच्याइतकी बोलकी वस्तू दुसरी दिसत नाही. सिनेमा कुणी, कुठे आणि कधी पाहायचा हे ठरवणारा कोण, हा सगळा झगडा त्या एवढ्याशा खुणेत साठलेला आहे.

त्याच्या आधीही देशादेशांत भिंत होती, पण ती कुणी ठरवून बांधलेली नव्हती. ती विजेतून आली. अमेरिकेत घरातली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपात ५० ची. दूरचित्रवाणीची चित्रं या आवर्तनांशी जुळवून घेतलेली होती. अमेरिकेने १९५३ साली रंगीत प्रक्षेपणासाठी एनटीएससी पद्धत स्वीकारली: ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी ६२५ रेषा आणि २५ चित्रांवर चालणारी पाल पद्धत घडवली. फ्रेंचांनी सेकाम नावाची तिसरीच काढली. जपान, कोरिया, तैवान अमेरिकेच्या वाटेने गेले. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा.

त्यानंतरच्या वर्षांत इथून अमेरिकेला गेलेल्या मराठी घरांना या भिंतीची चांगली ओळख झाली. सामानातून नेलेली नाटकाची किंवा सिनेमाची कॅसेट तिथल्या व्हीसीआरमध्ये घातली की नुसत्या पळत्या रेघा दिसत. मग पाल-टू-एनटीएससी करून देणारं दुकान शोधायचं, किंवा दोन्ही पद्धतींचा महागडा व्हीसीआर घ्यायचा. पाल पद्धतीची आणखी एक गोम होती. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो आणि पाल त्याला २५ ने पळवते. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि नटांचे आवाज किंचित वर चढतात. चांगला कान असलेल्या माणसाला हे खुपतं.

तरी आवडता सिनेमा विकत घेऊन घरी ठेवायचा, ही कल्पना कॅसेटच्याच काळातली. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. टीव्हीवरचे कार्यक्रम मुद्रित करून सवडीने पाहावेत, एवढीच तेव्हाची अपेक्षा. मिशिगन राज्यात मॅग्नेटिक व्हिडिओ नावाची छोटी कंपनी चालवणाऱ्या आंद्रे ब्ले यांना मात्र वाटलं की लोक अख्खे सिनेमे विकत घेतील. त्यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओंना पत्रं लिहिली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने होकार दिला आणि १९७७ मध्ये ‘मॅश’, ‘पॅटन’ अशा ५० सिनेमांच्या कॅसेटी विक्रीला आल्या. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन यांनी त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे पुढे गल्लोगल्ली निघालेल्या व्हिडिओ लायब्रऱ्या याच कल्पनेची लेकरं. स्टुडिओ मात्र या यंत्रावर संतापलेले होते. युनिव्हर्सलने सोनीविरुद्ध लावलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये सोनी जिंकली, तीही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी.

त्याच १९८४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर आणले. लेझरडिस्क म्हणजे एलपी रेकॉर्डएवढी चकचकीत तबकडी, १९७८ पासून अमेरिकेत विकली जाणारी. ‘किंग काँग’च्या तबकडीत आवाजाचा एक जादा पट्टा रिकामा होता. त्यावर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाने सिनेमा सुरू असताना त्याची जडणघडण सांगितली. आज ज्याला ऑडिओ कॉमेंटरी म्हणतात, तिचा जन्म हा. माझ्या मते खरा संग्राहकही इथेच जन्मला. ब्ले यांच्या गिऱ्हाइकाला करमणूक हवी होती. हेव्हर यांच्या श्रोत्याला सिनेमा पुनःपुन्हा वाचायचा होता, आणि असा माणूस आपल्या देशात जे मिळतं तेवढ्यावर थांबत नाही.

डीव्हीडी आली ती या माणसाला साजेशी. तोशिबाचा गट आणि सोनी-फिलिप्सचा गट आपापल्या वेगळ्या तबकड्या आणायला निघाले होते. १९९५ मध्ये त्यांच्यात समझोता झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले प्लेअर विकले गेले. एका डीव्हीडीवर आठ भाषांतले आवाज आणि ३२ भाषांची सबटायटल्स ठेवायची सोय होती. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला सिनेमा कुठल्याही घरात समजावा, यासाठी याहून चांगलं साधन तोवर निघालं नव्हतं. आणि त्याच साधनाला, त्याच नियमपुस्तकात, कुलूपही बसवलं गेलं.

हे कुलूप हॉलिवूडला हवं होतं आणि त्याचं कारण तारखा. त्या काळी सिनेमा रिळांवरून फिरे. दोन तासांच्या सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म उलगडली तर सव्वातीन किलोमीटर भरते. अशी एकेक प्रिंट काढायला आणि पाठवायला पैसा लागे, म्हणून अमेरिकेत चालून उतरलेल्या प्रिंटा पुढच्या देशात जात. डबिंग आणि सेन्सॉर यांचा वेळ निराळा. ‘जुरासिक पार्क’ अमेरिकेत जून १९९३ मध्ये लागला, भारतात पोचेपर्यंत १९९४ उजाडलं. तिकडच्या घरात डीव्हीडी आली आणि इकडच्या थिएटरात सिनेमा लागायचाच असला, तर डीव्हीडी विमानाने येऊन थिएटरचा धंदा बसवील, ही स्टुडिओंची धास्ती. दुसरं कारण हक्कांचं. एकाच सिनेमाचे हक्क दर देशात वेगळ्या कंपनीला विकलेले असतात. कुरोसावांचा ‘सेव्हन समुराई’ घ्या: जपानमध्ये तो तोहोचा, अमेरिकेत क्रायटेरियनचा, ब्रिटनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा. एकाचा माल दुसऱ्याच्या बाजारात नको.

म्हणून पृथ्वीचे सहा तुकडे केले. पहिल्यात अमेरिका आणि कॅनडा. दुसऱ्यात पश्चिम युरोप, आणि त्याच्याच पंक्तीला जपान, मध्यपूर्व आणि दक्षिण आफ्रिका. तिसऱ्यात कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया. चौथ्यात ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका, मध्ये अख्खा प्रशांत महासागर असला तरी. चीनला एकट्याला सहावा. भारताला पाचवा, रशिया, पाकिस्तान आणि बहुतेक आफ्रिकेसोबत. सातवा पुढच्या गरजेसाठी राखीव आणि आठवा विमानं-जहाजांसाठी. ही वाटणी भाषेची नव्हती, संस्कृतीची तर मुळीच नव्हती. कोणत्या बाजारात माल केव्हा सोडायचा, याचा तो नकाशा होता. ब्राझीलचा माणूस पोर्तुगालचा सिनेमा आपल्याच भाषेत पाहू इच्छील, तर आकडा आडवा आलाच.

कुलपाची रचना पाहिली तर नवल वाटतं. डीव्हीडीवर आठ बिटांची एक नोंद असते, एकेका प्रांतासाठी एकेक बिट. प्लेअर ती वाचतो, आपल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि नकार देतो. सिनेमा त्या आकड्याने कुलूपबंद होत नाही, प्लेअरला नाही म्हणायला शिकवलेलं असतं. बनवणारे ते शिकवत, कारण डीव्हीडीवरचं सांकेतिक आवरण उघडायची किल्ली त्यांना परवान्याने मिळे आणि रीजन कोड पाळणं ही परवान्याची अट होती.

नकार शिकवता येतो तसा विसरायलाही लावता येतो. रिमोटवर ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली की अनेक प्लेअर सगळे प्रांत मानू लागत. असे आकडे संग्राहक एकमेकांना कळवत. २००० च्या सुमारास अमेरिकेत अपेक्स नावाचा स्वस्त चिनी बनावटीचा प्लेअर गाजला, कारण त्यात रीजन बंद करायचा छुपा मेन्यूच होता. स्टुडिओंनी ‘द पेट्रियट’पासून डीव्हीडीवरच जादा तपासणी बसवली, सर्वप्रांती प्लेअर ओळखून अडवणारी. जानेवारी २००० पासून संगणकाच्या ड्राइव्हना नियम लागला: प्रांत पाचदाच बदलता येईल, पुढे कायमचा घट्ट. त्याच्या थोडं आधी, १९९९ मध्ये, नॉर्वेच्या पंधरा वर्षांच्या यॉन लेक योहानसेनने आणि त्याच्या साथीदारांनी डीव्हीडीचं सांकेतिक आवरण उलगडणारी आज्ञावली जगापुढे ठेवली. त्याच्यावर खटला चालला. आपण विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर पाहणं हा गुन्हा नाही, असं ठरून २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, अपिलातही. या निकालाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

पैसे चोरीला जातील म्हणून बसवलेलं हे कुलूप सर्वांत जास्त अडवत होतं ते पैसे मोजणाऱ्या माणसाला. नकली डीव्हीडी विकणाऱ्याच्या मालावर रीजन कोड नसेच. इमानाने परदेशी डीव्हीडी मागवणारा मात्र अडके. जपानी सिनेमाची डीव्हीडी जपानहून मागवावी तर तिच्यावर बहुधा इंग्रजी सबटायटल्स नसत. हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीत चिनी आणि इंग्रजी दोन्ही सबटायटल्स देण्याची जुनी रीत, म्हणून तिथल्या डीव्हीडी जगभर मागवल्या जात, पुष्कळदा कोरियन आणि जपानी सिनेमांसाठीसुद्धा. म्हणजे कोरियन सिनेमा, हाँगकाँगची आवृत्ती, प्रांत ३, आणि पाहणारा पॅरिसमध्ये. मार्च २००९ मध्ये बराक ओबामांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना २५ अमेरिकी अभिजात चित्रपटांचा संच भेट दिला, आणि डीव्हीडी पहिल्या प्रांताच्या असल्याने त्या लंडनमध्ये लागत नाहीत अशा बातम्या झळकल्या.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त भिडणारी कहाणी ज्याँ रेन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्युजियाँ’ची आहे. १९३७ चा हा फ्रेंच सिनेमा पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांचा. फ्रेंच आणि जर्मन, उमराव आणि कामगार, यांच्यामधल्या रेघा किती कृत्रिम आहेत हे तो दाखवतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिसहून त्याची मूळ निगेटिव्ह बर्लिनला नेली. बर्लिन पडल्यावर ती सोव्हिएत सैन्याच्या हाती लागून मॉस्कोच्या संग्रहात गेली. पुढे मॉस्को आणि तुलूझच्या संग्रहालयांमध्ये चित्रपटांची देवाणघेवाण झाली, तिच्यात ती फ्रान्सला परतली. आपल्या हाती आलं आहे ते काय, हे मात्र तिथेही बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. क्रायटेरियनने आपल्या डीव्हीडी-मालिकेतला पहिला क्रमांक याच सिनेमाला राखून ठेवला होता. चांगली निगेटिव्ह सापडल्याचं कळल्यावर त्यांनी प्रकाशन थांबवलं आणि १९९९ मध्ये, दुसरे कितीतरी क्रमांक बाजारात येऊन गेल्यावर, क्रमांक १ आला. दोन देशांच्या सैन्यांच्या हातून सुटलेला हा सिनेमा असा घरांमध्ये पोचला.

आपल्याकडे मात्र हे कुलूप फारसं रुजलं नाही. नव्वदीच्या अखेरीस भारतात घरोघरी गेली ती व्हीसीडी. एका सीडीवर जेमतेम ७४ मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन सीडींत विभागलेला. चित्र साधारण, पण रीजन कोडची भानगडच नव्हती. डीव्हीडी आल्यावर हिंदी सिनेमाच्या कंपन्यांपुढे परदेशातला भारतीय प्रेक्षक होता. लंडन, दुबई, डर्बन दुसऱ्या प्रांतात, न्यू जर्सी पहिल्या, आणि घरचा प्रेक्षक पाचव्या. त्यासाठी वेगवेगळ्या डीव्हीडी काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून बहुतेक भारतीय डीव्हीडींवर ‘ऑल रीजन्स’ असं छापलेलं आढळतं आणि भारत पाल देश असूनही त्या पुष्कळदा एनटीएससी असतात. कॅसेटच्या काळात अडलेल्या मराठी घरांची अडचण अशी आपोआप मिटली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, अनेक भारतीय भाषांमध्ये, आणि पुस्तकाहून स्वस्त दरात सिनेमे कपाटात जमू लागले.

ब्लू-रे २००६ मध्ये आला तेव्हा प्रांत तीनच उरले: ए, बी आणि सी. भारत सी मध्ये. तोवर मोठे सिनेमे जगभर एकाच आठवड्यात लागू लागले होते, थिएटरातली रिळं जाऊन डिजिटल प्रती येत होत्या आणि तारखांचं मूळ कारण विरत चाललं होतं. बऱ्याच स्टुडिओंनी आपले ब्लू-रे कोडविना काढले. कोड टिकला तो मुख्यतः छोट्या, अभिजात चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांच्या ब्लू-रेवर, कारण त्यांचे हक्कांचे करार देशापुरते. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या नियमांत प्रांतांना जागाच ठेवली नाही.

पण फोर-के आवृत्ती निघते ती थोड्याच सिनेमांची. हंगेरी, इराण, सेनेगल, फिलिपिन्स इथले कितीतरी चित्रपट एकदाच, एखाद्याच देशात, कोड असलेल्या डीव्हीडीवर आले आणि ती आवृत्ती संपली. स्ट्रीमिंगवर त्यांतले पुष्कळ सापडत नाहीत आणि सापडले तरी हक्क देशागणिक असल्याने ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. म्हणून सर्वप्रांती प्लेअर आजही खास मागवला जातो, आणि जुनी डीव्हीडी विकणाऱ्याला संग्राहक आजही सिनेमाच्या नावाबरोबर तो गोलातला आकडा विचारतात.