जटा, जट आणि जडा : एका केशबंधाचा इतिहास

धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या ढिगांभोवती मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा कानी पडतात. येथे एक शब्द सीमा ओलांडताच अर्थ बदलतो. तेलुगू घरात आई मुलीची ‘जडा’ घालते, म्हणजे नीट विंचरलेली वेणी. मराठी घरात मात्र ‘जट’ म्हटले की आवाज खाली जातो. संस्कृत ‘जटा’ हेच दोन्हींचे मूळ. एकीकडे ते केसांचे सौंदर्य झाले, दुसरीकडे देवीचा कौल.

आज काही तरुण हौसेने ‘ड्रेडलॉक्स’ राखतात आणि ते सुरू करताना मेण वापरावे की निव्वळ नैसर्गिक रीत पाळावी, यावर वाद घालतात. हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात गंगाकाठी राम गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि त्याने स्वतःच्या व लक्ष्मणाच्या जटा वळतो. राजपुत्राचा तापस एका दिवसात करायचा, तर केस आपोआप गुंतण्याची वाट पाहायला सवड कोठून असणार? वडाचा चीक रबरासारखा चिकट असतो आणि वाळला की केस धरून ठेवतो. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणून ज्याचा गौरव व्हावा, तो प्राचीन उपायही मुळात एक प्रकारचा डिंकच होता.

चीक नसतानाही जटा होतात, कारण केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरणे थांबले की गळलेले केस बाहेर न पडता शेजारच्या केसांत अडकतात, खवले एकमेकांत रुततात आणि काही महिन्यांत त्यांचा नमदा होतो. साधूंचे भस्म केसांतील तेल शोषते. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस मळ काढतो व धुतला की मागे थर ठेवत नाही. बाजारी मेणाचे तसे नाही. ते पाण्याने सुटत नाही, धूळ धरते आणि आतला ओलावा कोंडून ठेवते. जटा वाढवणाऱ्यांनी मेण टाळावे हा सल्ला म्हणूनच रास्त आहे. मात्र जटेला खरी गरज लागते ती वेळेची, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

जटेला नकार देण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. उरुवेलेचे तिघे काश्यप बंधू जटिल तपस्वी होते. विनयपिटकानुसार बुद्धाला शरण जाताना त्यांनी आणि त्यांच्या हजार शिष्यांनी आपल्या जटा कापून नदीत सोडल्या. दुसरा नकार धर्माबादच्या जिल्ह्यातच सापडतो. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे देहावसान झाले. १६९९ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या खालसाची रीत अशी की केस कापायचे नाहीत, पण कंगा सतत जवळ बाळगायचा. केस राखणे आणि ते गुंतू देणे या दोन गोष्टी त्या लहानशा लाकडी कंगव्याने वेगळ्या केल्या. नांदेडलाच गोदाकाठी त्यांना माधोदास बैरागी भेटला आणि पुढे बंदासिंग बहादूर झाला.

तापसाची जटा निवडलेली असते. खेड्यातल्या बाईची जट बहुधा तशी नसते. बाळंतपण, दीर्घ आजार, कोंडा, पाण्याची टंचाई, कष्टांतून न मिळणारी उसंत, यांपैकी कोणत्याही कारणाने केस विंचरायचे राहतात आणि एक बट गुंतते. मग कोणी तरी सांगते की देवी आली. त्या क्षणापासून कंगवा वर्ज्य होतो. बटेला हळदकुंकू लागते, भंडारा लागतो आणि त्याच थरांनी ती आणखी घट्ट होते. कापली तर घरावर संकट येईल, ही भीती तिला डोक्यावर टिकवून ठेवते. मान दुखते, उवा होतात, झोप लागत नाही. पूर्वी अनेक मुलींच्या बाबतीत ही बट म्हणजे यल्लम्माची हाक ठरली आणि हाती परडी देऊन त्यांना जोगवा मागायला लावले गेले. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटातील सुलीची कथा याच जटेपासून सुरू होते.

हे खूळ केवळ आपल्याकडचे, असे मात्र नाही. पोलंडमध्ये अशाच जटेला ‘कोल्टुन’ म्हणत. ती शरीरातील रोग बाहेर खेचते आणि कापल्यास अंधत्व किंवा वेड येते, अशी तेथील समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डीटल यांनी ती केवळ अस्वच्छतेची खूण असल्याचे दाखवून तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. पुढे ते त्याच नगराचे नगराध्यक्ष झाले. डेन्मार्कच्या राजा चौथ्या ख्रिश्चनच्या डोक्यावरही अशी बट होती. राजाची बट दरबारी शैली ठरते, शेतमजूर बाईची बट तिची शिक्षा. हा फरक केसांचा खास नव्हे.

निझामी मुलखामुळे धर्माबादच्या वाट्याला आणखी एक वेगळेपण आले. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला, पण हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने तो येथे लागू नव्हता. संस्थानात भाग्यरेड्डी वर्मा यांनी जोगिनी आणि मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. सीमेपलीकडच्या निजामाबाद जिल्ह्यात १९८० च्या दशकात हेमलता लवणम यांनी जोगिनींच्या पुनर्वसनाचे काम उभारले. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा. तथापि कायद्याने दीक्षा थांबवता येते, डोक्यावरची बट सोडवता येत नाही. ते काम कात्रीचे, आणि त्याहून अधिक संवादाचे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी आजवर दोनशेहून अधिक स्त्रियांना जटमुक्त केले आहे. कात्री हाती घेण्यापूर्वी त्या बाईशी आणि घरच्यांशी बराच वेळ बोलावे लागते, कारण नंतर घरात कोणी आजारी पडले तर ठपका त्या कापलेल्या बटेवरच येणार असतो.

आजच्या हौसेच्या जटांमागची स्फूर्ती बहुतांशी जमैकातून येते. तेथे १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ उदयास आला. त्यांच्या जटांचा एक आधार बायबलमधील वस्तरा न लावण्याच्या व्रतात शोधला जातो. दुसरे मत असे की १८४५ पासून जमैकात नेलेल्या भारतीय गिरमिटियांबरोबर साधूंच्या जटांची कल्पनाही तेथे पोहोचली असावी. ‘गांजा’ हा शब्द तेथे रुजला तो याच मजुरांमुळे. जटांविषयीचे मत मात्र वादग्रस्त आहे आणि केवळ अभिमानापोटी ते स्वीकारणे बरे नव्हे.

तरुणाच्या आणि त्या बाईच्या केसांत सूक्ष्मदर्शकाखाली फारसा भेद दिसणार नाही. खवले तेच, गुंता तोच. तरुणाला कंटाळा आला की तो दुपारी केशकर्तनालयात जाऊन मोकळा होतो. बाईची जट उतरल्यावर कार्यकर्ते पुढेही तिच्या घरी फोन करून विचारत राहतात, सगळे ठीक आहे ना?