दोन डोंगरांमधला सूर्य

टीव्हीवरच्या कार्टूनशी माझं भांडण आहे आणि ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला आमची नात मनू टीव्हीपुढे मांडी ठोकून बसते, मागे आरामखुर्चीत मी, आणि पाच मिनिटांच्या आत माझ्या तोंडून ते वाक्य निघतंच.

"अगं, हा कालचाच मुलगा ना?"

"नाही हो आजोबा! कालचा वेगळा होता. हा दुसऱ्या कार्टूनमधला."

वेगळा कसला कपाळाचा! तेच भोपळ्याएवढं डोकं, तेच बशीएवढे डोळे, तेच काडीसारखे हातपाय आणि तेच घेवड्याच्या दाण्यासारखं तोंड. केसांची ठेवण तेवढी निराळी. माझं तर प्रामाणिक मत झालं होतं की, या धंद्यात चित्रकार एकच असतो, बाकीचे सगळे केशकर्तनकार. केस बदलले की नवी मालिका सुरू!

एके दिवशी मी या विषयावर जरा रंगात येऊन बोलत होतो. आमच्या वेळचा टॉम, आमच्या वेळचा जेरी, त्या रेषेतली जान वगैरे वगैरे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "चौतीस वर्षं पोरांकडून दोन डोंगर नि मधे सूर्य काढून घेतला, त्या माणसानं बोलूच नये!"

वाचकहो, मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. १९६८ ला लागलो, २००२ ला सुटलो. तेवढ्या काळात माझ्या हाताखालून जी हजारो निसर्गचित्रं गेली, त्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चार आकड्याचे पक्षी हा ऐवज कायम होता. नाशिकात नारळ कुठे दिसतो, हा प्रश्न मला त्या चौतीस वर्षांत एकदाही पडला नाही.

हिचं बोलणं झोंबलं. ते खोडून काढायचं म्हणून मी वाचायला घेतलं, आणि तिथेच फसलो.

सुरुवात घरापासूनच झाली. कार्टून म्हणजे परदेशी खूळ, असं मी समजत होतो. निघाले आमच्या त्र्यंबकेश्वरचे! धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० ला तिथे जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याआधी भांडवलवाल्याची खात्री पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून एकेक चौकट टिपत त्याचा वेल वाढवून दाखवला. पुढे १९१५ च्या सुमाराला त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचं. पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. पडद्यावर काड्या आपल्या आपण नाचतात! आपल्याकडच्या हलत्या चित्रांची वंशावळ लिहायची तर मूळ पुरुष म्हणून ही काड्यापेटीच लिहावी लागेल.

आता, सगळ्या काड्या सारख्याच, हे तर उघड आहे. पण एमिल कोल नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १९०८ सालीच काड्या नाचवल्या होत्या. म्हणजे मूळ पुरुषाचाही चेहरा कुणाशी तरी जुळतोच. आणखी एक गंमत. चित्रपटाकडे वळण्याआधी फाळके काही काळ लोणावळ्याकडे, रविवर्म्याच्या छापखान्यात कामाला होते. त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी गेली. त्याआधी प्रत्येक गावच्या देवीला आपापला चेहरा होता. मग सगळ्या देव्या एका घरच्या जावा-जावा दिसू लागल्या. आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी तीच. तिच्यापुढे मी लहानपणी हात जोडत होतो. 'हिचा चेहरा शेजारच्या लक्ष्मीसारखाच का?' असं काही मी विचारलं नव्हतं.

नंतर वळलो टॉम आणि जेरीकडे. म्हटलं, इथे तरी आपली बाजू भक्कम. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडगोळीनं १९४० पासून ती चित्रं केली, सात ऑस्कर मिळवली. उंदीर पळाला की अंगाचा कण न् कण पळायचा. दर सेकंदाला पडद्यावरून चोवीस चौकटी सरकतात, त्यांच्यासाठी बारापासून चोवीसपर्यंत चित्रं काढायची! १९५७ साली कंपनीनं तो विभागच बंद केला. मंडळी टीव्हीच्या दारात गेली. टीव्हीवाला म्हणाला, या, बसा. पण पैसे देणार दहाव्या हिश्शाहून कमी, आणि माल दर आठवड्याला हवा.

आता माझ्यासारख्या प्राथमिक-माध्यमिक मास्तरानं काय केलं असतं? तेच त्यांनी केलं. काटकसर! त्यांचं योगी नावाचं अस्वल आठवतं? अंगावर कपडा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय. मला वाटायचं, काय ऐट आहे! ऐट कसली, ती शिवण लपवायची युक्ती होती. कॉलरच्या खालचं धड एकदाच काढायचं आणि तसंच ठेवून द्यायचं. वरचं डोकं तेवढं बदलत राहायचं. पात्र पळू लागलं की मागून तीच खिडकी, तोच दिवा, तीच खिडकी. आमच्या घरी पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं, तसाच हा प्रकार. चव तीच, पंगत मोठी.

त्यातही विनोद असा की, ही सपाट, मोजक्या रेषांची पद्धत काटकसरीतून जन्मली नव्हती. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९४१ साली संप झाला. तिथून बाहेर पडलेल्या काही चित्रकारांच्या हातून यूपीए नावाची कंपनी उभी राहिली. डिस्नेसारखं गुबगुबीत, गोलमटोल काढायचं नाही, आजच्या चित्रकलेसारखं काढायचं, असा त्यांचा बाणा. १९५० साली त्यांचं 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग' आलं, ऑस्कर घेऊन गेलं. सारखेपणाविरुद्धचं बंड होतं ते! दहा वर्षांत त्याच बंडाचा गणवेश झाला, कारण तो स्वस्तात शिवून मिळत होता.

जपानात तेच. ओसामु तेझुका हा डिस्नेचा परमभक्त. मोठ्ठे डोळे त्यानं अमेरिकेच्या चित्रांतून उचलले आणि १ जानेवारी १९६३ पासून आपला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला टीव्हीवर आणला. हातात पैसा कमी, म्हणून चित्रं कमी. अंग थिजलेलं, डोळे मात्र बोलके. पुढे तेच डोळे जपानहून उलट अमेरिकेला गेले. आमच्याकडे माहेरचं पातळ सासरी आणि सासरचं माहेरी फिरतं ना, तसं.

आणि आपला मोगली? १९९३ साली दूरदर्शनवर तो आला, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या आळीत शुकशुकाट व्हायचा. आमचा चिरंजीव, म्हणजे मनूचा बाप, त्या वेळी चांगला मिसरूड फुटलेला. तोही पुढे बसायचा. गाणं गुलजारांचं, म्हणून मोगली पक्का इथला, अशी माझी समजूत. तर चित्रं जपानची! ज्याची गोष्ट, तो किपलिंग मात्र १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. पुढे त्याच शाळेत शिकायला गेले ते आमचे फाळके. म्हणजे हा बशीएवढ्या डोळ्यांचा मोगली फिरून फिरून काड्यापेटीच्याच घरी आला म्हणायचा.

सरकारनंही प्रयत्न केले. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजननं क्लेअर वीक्स या डिस्नेच्या माणसाला शिकवायला आणलं. यानं 'बांबी'वर काम केलेलं. इथे त्याच्या हाताखाली पहिलं मोठं चित्र झालं तेही जातककथेतल्या हरणाचंच! त्या शाळेत तयार झालेल्या राम मोहनांसारख्यांनी मग आपली रेषा शोधली. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केलं, ते सात मिनिटांचं चित्र पाहिलेला माणूस अजून ते विसरलेला नाही. २००८ मध्ये हैदराबादेत धोतर नेसलेला छोटा भीम उभा राहिला. लाडू खाऊन जग जिंकणारा नायक आपल्याकडे होणार नाही तर कुठे? पण तो चालला, आणि त्याच्यामागून तशाच गोल डोक्याच्या वीरांची रांग लागली. चाललेल्या दुकानाशेजारी दुसरं तसंच दुकान निघतं, हे नाशिककराला चिवड्यावरून सांगायला नको.

एवढं वाचून डोकं जड झालं, म्हणून एका रविवारी मनूला घेऊन पांडवलेणी चढलो. पायथ्याला फाळके स्मारक, वर दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. आधी दहा नंबरचं पाहिलं. ते नहपान क्षत्रपाच्या जावयाचं, उषवदाताचं. मग तीन नंबरचं. नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं, बलश्रीचं. लढाईत हरवलं, पण लेणं कोरताना नकाशा त्याच शत्रूचा! तसाच ओटा, तसेच खांब, खांबांच्या माथ्यावर तशीच जनावरं. या गौतमीपुत्रानं नहपानाची चांदीची नाणीही वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपला ठसा मारला. १९०६ साली इथून जवळ जोगलटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांत नऊ हजारांहून जास्त अशी ठसा मारलेली. केशकर्तनकाराची युक्ती फार जुनी आहे, म्हटलं.

"बघ मनू," मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "आहेत ना दोन्ही सारखी?"

ती ओट्याच्या कठड्याखाली वाकून पाहत होती. "नाही आजोबा. ही माणसं तिथे नव्हती."

मी वाकलो. गुडघे कुरकुरले. खाली दगडातून अर्धवट बाहेर आलेले धिप्पाड पुरुष सगळ्या लेण्याच्या तुळया खांद्यावर घेऊन बसले होते. कुणी तरी कारागीर, मालकानं 'त्या लेण्यासारखंच हवं' म्हणून बजावलेला. मालकाचं ऐकलं आणि खाली आपलंही काही ठेवून गेला. मी नाशिकात जन्म काढला, शाळेच्या सहली इथे आणल्या, आणि खाली वाकून कधी पाहिलं नाही.

उतरताना मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी घरात कधी सांगितली नव्हती. सप्टेंबर १९६९ चा गोदेचा महापूर. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी शाळा भरली, मी 'निसर्गचित्र' विषय दिला. सगळ्यांनी दोन डोंगर काढले. एका पोरानं डोंगर काढलेच नाहीत. सगळा कागद मातकट पाणी, त्यात मंदिरांचे कळस, आणि मध्ये रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती, गळ्यापर्यंत बुडालेला. सूर्य नव्हता. तो पोरगा गोदाकाठचाच. त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. मी लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'नदी डोंगरातून येते. निसर्ग कुठे आहे?' आणि दहापैकी तीन गुण दिले. पुढच्या वेळी त्यानं दोन डोंगर काढले, नारळासकट. मी सात दिले.

स्मारकाच्या बागेत बसून हे मनूला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही आता त्याचे मार्क वाढवा ना."

"अगं, तो आता आजोबा झाला असेल."

"मग काय झालं? त्याच्या नातीला सांगेल तो."

याला काही उत्तर सुचलं नाही. कुणी साठी ओलांडलेले गृहस्थ हे वाचत असतील, त्यांनी असा मारुती काढला असेल, तर गुण दहापैकी नऊ समजावेत. एक कापला आहे, तो मास्तरकीच्या सवयीनं.

हल्ली संध्याकाळी मी खुर्ची थोडी पुढे ओढून बसतो. "हा कालचाच ना?" असं विचारत नाही. "याचं काय निराळं?" असं विचारतो. मनू सांगते: हा रागावला की याच्या भुवया डोक्याच्या बाहेर जातात, हिच्या घराच्या भिंतीवर दर वेळी नवं चित्र असतं, तो एक कुत्रा मागे बसलेला असतो, तो कुणी पाहत नाही, पण शेपटी हलवतो. त्यानं कॉलर घातली आहे का, तेवढं मी न चुकता पाहून घेतो.