नभोवाणीचे विश्वस्त निवडावे कोणी?

एखाद्या संस्थेच्या स्वायत्ततेचा विचार करू लागलो म्हणजे आपले लक्ष प्रथम तिच्या अधिकारांच्या कलमांकडे जाते. तिला द्रव्य कोठून मिळणार, तिच्यावर अंकुश कोणाचा, तिच्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न आपण विचारतो आणि ते विचारणे योग्यच आहे. परंतु या सर्वांच्या आधीचा एक प्रश्न कायद्याच्या एखाद्या लहानशा पोटकलमात दडलेला असतो. त्या संस्थेच्या आसनांवर बसणारी माणसे निवडणार कोण, हा तो प्रश्न होय. भारतातील नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या स्वातंत्र्याचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिल्यास पुष्कळ अधिक उलगडतो, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रारंभ १९२७ सालापासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षाच्या १ जानेवारीस इंग्लंडमधील प्रसारण कंपनीचे रूपांतर राजसनदेने एका सार्वजनिक महामंडळात झाले. हेच बी. बी. सी. होय. त्याच वर्षी २३ जुलै रोजी मुंबईत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. इंग्लंडने कंपनी मोडून विश्वस्त नेमले, त्याच वर्षी हिंदुस्थानात खाजगी कंपनीच्या हाती ध्वनिक्षेपक सोपविण्यात आला. ही कंपनी १९३० मध्ये दिवाळ्यात निघाली आणि सरकारने तिची केंद्रे ताब्यात घेतली. १९३५ साली बी. बी. सी.मधून लायोनेल फील्डन हे गृहस्थ नियंत्रक म्हणून आले व ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. माणूस बी. बी. सी.चा आला, विश्वस्तमंडळाची कल्पना मात्र त्याच्यासोबत आली नाही. नभोवाणी हे सरकारचे एक खाते झाले आणि खात्याला विश्वस्त नसतात, वरिष्ठ असतात.

ब्रिटिश हद्दीबाहेरील स्थितीही याहून निराळी नव्हती. हैदराबाद व बडोदा या संस्थानांची स्वतःची नभोवाणी होती. गोव्यात पोर्तुगीज राजवटीने पणजीहून आपले केंद्र चालविले. हैदराबादेत निजामाची मर्जी, बडोद्यात गायकवाड दरबार व पणजीत लिस्बनने पाठविलेला गव्हर्नर, असा धन्याचा फरक काय तो होता. बडोद्याचे केंद्र डिसेंबर १९४८ मध्ये आणि हैदराबादचे एप्रिल १९५० मध्ये भारतीय नभोवाणीत विलीन झाले. पणजीचे केंद्र डिसेंबर १९६१ मधील मुक्तीनंतर आले. या तिन्ही ठिकाणच्या मराठी भाषकांनी हा बदल आनंदाने पाहिला. परंतु कोणत्या भाषेला किती वेळ द्यावा, हे ठरविणाऱ्यांच्या निवडीत श्रोत्याला पूर्वी वाव नव्हता आणि पुढेही तो मिळाला नाही, ही गोष्ट त्या आनंदात दृष्टिआड झाली.

पंडित नेहरूंना हे वैगुण्य दिसत नव्हते असे नाही. मार्च १९४८ मध्ये संविधान सभेत बोलताना, नभोवाणीची रचना शक्य तितकी बी. बी. सी.च्या धर्तीवर असावी, ती एका अर्धस्वायत्त महामंडळाकडे असावी, असे स्वतःचे मत त्यांनी सांगितले. आणि हे तूर्त शक्य नाही, अशी पुस्तीही जोडली. हे ‘तूर्त’ जवळजवळ पन्नास वर्षे टिकले.

एका व्यक्तीच्या हाती हे साधन असले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच माणसाने घालून दिले आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून १९६२ पर्यंत या खात्याचे मंत्री होते. व्यासंगी, सच्छील व अभिजात संगीताचे कळकळीचे अभिमानी, अशी त्यांची ख्याती होती व ती अनाठायी नव्हती. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते या समजुतीने त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोते सिलोन रेडिओकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीस माघार घ्यावी लागली. केसकरांची अभिरुची उच्च होती की संकुचित, हा वाद येथे गैरलागू आहे. एका मंत्र्याची आवड हाच साऱ्या देशाचा कार्यक्रम ठरावा, यातील दोष आवड चांगली असल्याने नाहीसा होत नाही.

याच काळात कलावंतांच्या निवडीसाठी ध्वनिपरीक्षेची पद्धत आकाशवाणीने कडक केली व परीक्षक मंडळाचे नेतृत्व श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या पंडिताकडे दिले. त्या परीक्षेविरुद्ध गायक-वादकांनी गिल्ला केला, तोही प्रसिद्ध आहे. आम्हांस त्यात एक विसंगती दिसते. आकाशवाणीवर यमन कोणी गावा हे ठरविण्यास जाणत्यांची समिती होती; पण आकाशवाणी कोणी चालवावी हे ठरविण्यास तशी कोणतीही समिती नव्हती.

अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली आपला अहवाल दिला. आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांची स्वतंत्र महामंडळे करावीत, अशी तिची शिफारस होती. सरकारने तिचा अर्धाच भाग घेतला. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून निराळे झाले. सरकारपासून मात्र दोहोंपैकी एकही निराळे झाले नाही. ते दिवस आणीबाणीचे होते. त्या सुमारे एकवीस महिन्यांत देशाने एकच आवाज ऐकला आणि नेहरूंच्या ‘तूर्त’ची किंमत लोकांना प्रथमच पुरती कळली.

म्हणूनच १९७७ मध्ये बी. जी. व्हर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा फेब्रुवारी १९७८ चा अहवाल या इतिहासात महत्त्वाचा आहे. ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय न्यास स्थापावा असे तिने सुचविलेच. पण न्यासी कोणी निवडावे, हा प्रश्नही तिने सरळ हाती घेतला. भारताचे सरन्यायाधीश, लोकपाल व केंद्रीय लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष अशा तिघांच्या मंडळाने नावे सुचवावीत आणि त्या यादीतूनच नेमणूक व्हावी, अशी तिची योजना होती. तिघेही पक्षीय राजकारणाबाहेरचे. कल्पना उत्तम होती. परंतु लोकपाल हे पद तेव्हा अस्तित्वात नव्हते, आणि पहिल्या लोकपालांनी शपथ घेण्यास मार्च २०१९ उजाडला. व्हर्गीस समितीची सूचना शब्दशः स्वीकारली गेली असती, तर निवडकर्त्यांचे एक आसन एकेचाळीस वर्षे रिकामे राहिले असते! १९७९ साली संसदेत आलेले विधेयक समितीच्या कल्पनेहून बरेच पातळ होते आणि लोकसभा विसर्जित झाल्याने तेही लयास गेले.

प्रत्यक्ष कायदा झाला तो १९९० साली. प्रसार भारती अधिनियमाचे चौथे कलम निवडीविषयी आहे. अध्यक्ष व अन्य निवडावयाचे सदस्य यांची शिफारस तिघांच्या समितीने करावयाची: राज्यसभेचे सभापती, वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेली एक व्यक्ती. वरवर पाहता यात दोष काढण्यास जागा दिसत नाही. पण वाचकांनी आमच्याबरोबर हा धागा थोडा मागे न्यावा. वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष कोण निवडतो? १९७८ च्या कायद्याप्रमाणे राज्यसभेचे सभापती, लोकसभेचे सभापती व परिषदेच्या सदस्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी. म्हणजे पहिला निवडकर्ता हा दुसऱ्या निवडकर्त्याच्याही निवडीत सहभागी आहे. आता तिसरा. राष्ट्रपती संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात; तेव्हा त्यांचा प्रतिनिधी हा परिणामी सरकारचाच प्रतिनिधी ठरतो. या जागी माहिती व प्रसारण खात्याचे सचिव अनेकदा बसलेले आहेत. ज्या खात्यापासून संस्था मुक्त करावयाची, त्या खात्याचा प्रमुख अधिकारीच तिचे विश्वस्त निवडण्यास बसतो. यात कोणाच्याही सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न माणसांचा नसून मांडणीचा आहे.

कायदा झाला, पण सात वर्षे अंमलात आला नाही. मधल्या काळात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात आपला सुप्रसिद्ध निर्णय दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात असे प्रतिपादन केले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्या नियमनासाठी समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणारे स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण सरकारने स्थापिले पाहिजे. निवडीची रीत मात्र न्यायालयाने आखून दिली नाही. ते काम संसदेचे होते. पुढे हेच सावंत वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले, व त्या नात्याने कायद्यातील निवड समितीचे एक आसन त्यांच्याकडे आले. १५ सप्टेंबर १९९७ रोजी कायदा अंमलात आला आणि २३ नोव्हेंबरला पहिले मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष ज्येष्ठ पत्रकार निखिल चक्रवर्ती; सदस्यांत इतिहासकार रोमिला थापर, हिंदी साहित्यिक राजेंद्र यादव आणि स्वतः व्हर्गीस. या नावांवरून एक गोष्ट मान्य केली पाहिजे: सदोष मांडणीतूनही उत्तम निवड होऊ शकते. मात्र ती पुन्हा तशीच होईल, याची हमी त्या मांडणीत नसते.

ही हमी नसल्याचे लवकरच दिसून आले. कार्यकारी सदस्यासाठी कायद्यात बासष्ट वर्षांची वयोमर्यादा होती. १९९७ मध्ये एका सरकारने वटहुकूम काढून ती उठविली, म्हणून एस. एस. गिल यांची नेमणूक शक्य झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये दुसऱ्या सरकारने वटहुकूम काढून ती पुन्हा बसविली, म्हणून त्यांना जावे लागले. पहिल्या वेळी हेतू चांगला व दुसऱ्या वेळी वाईट, किंवा याच्या उलट, असे ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे म्हणता येईल. तात्पर्य इतकेच की, काढण्याचा मार्ग मोकळा असेल तर निवडण्याचा मार्ग कितीही काटेकोर असून उपयोग नाही.

आणखी एक मार्ग आहे, त्यास वटहुकूमही लागत नाही. जागा रिकामी ठेवणे हा तो मार्ग होय. प्रसार भारतीचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे चार वर्षे, रिक्त होते. वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्षपदही २०२१ च्या अखेरीपासून जून २०२२ पर्यंत भरलेले नव्हते. अर्थात त्या अवधीत निवड समितीच अपुरी होती. निवड किती दिवसांत झाली पाहिजे, हे कायद्याने सांगितले नाही, तर न निवडणे हाच एक निर्णय होऊन बसतो.

खाजगी वाहिन्यांच्या नियमनाची कथा तर याहून त्रोटक आहे. स्वतंत्र प्राधिकरणासाठी १९९७ साली आणलेले प्रसारण विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बुडाले. २००४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडेच प्रसारणसेवांचे आर्थिक व तांत्रिक नियमन सोपविण्यात आले. त्या प्राधिकरणाचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश अथवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश असावा, ही १९९७ च्या मूळ कायद्यातील अट २००० सालच्या दुरुस्तीने गेली. नेमणूक केंद्र सरकारने करावयाची, एवढे मात्र राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रसारणसेवा विधेयकाच्या मसुद्यात एक सल्लागार परिषद सुचविलेली होती. तिचेही सदस्य सरकारनेच नेमावयाचे होते.

मग इतरत्र हा प्रश्न सुटला आहे काय? ज्या बी. बी. सी.चा आदर्श आपण मानला, तेथे गव्हर्नरांची नेमणूक राजाच्या नावाने सरकारच करीत असे. तिचे स्वातंत्र्य कायद्यावर नव्हे, संकेतावर उभे होते. १९६७ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी प्रतिस्पर्धी स्वतंत्र दूरचित्रवाणी प्राधिकरणाच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड हिल यांना उचलून बी. बी. सी.च्या अध्यक्षपदी बसविले, तेव्हा संकेत किती नाजूक असतो हे उघड झाले. संकेत हा जुन्या घराण्याचा ठेवा आहे. नव्याने संसार मांडणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये.

नव्याने संसार मांडणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या दृष्टीने आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. वर्णद्वेषी राजवट मावळत असता, १९९३ मध्ये, तेथील सरकारी प्रसारण महामंडळाच्या संचालकांसाठी जनतेकडून नावे मागविण्यात आली आणि न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने उमेदवारांच्या मुलाखती उघडपणे घेतल्या. तरीही राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी काही नावे नाकारली, त्यांत अध्यक्षपदासाठी पुढे आलेले साहित्यिक न्जाबुलो न्डेबेले हेही होते. पण उमेदवार कोण होते आणि कोणाला कोणी नाकारले, हे सर्वांना ठाऊक झाले. त्याच वर्षीच्या स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणाच्या कायद्यात निवडीची तीन तत्त्वे नमूद झाली: नावे सुचविण्यात जनतेचा सहभाग, प्रक्रियेत पारदर्शकता व मोकळेपणा, आणि निवडक नावांची यादी प्रसिद्ध करणे. या तत्त्वांनी तेथील पुढचे सर्व वाद मिटले असे नव्हे. परंतु अन्याय झालाच तर तो उजेडात होतो, हा लाभ लहान नाही.

आपल्या १९९० च्या कायद्यात नेमकी ही तीन तत्त्वे नाहीत. थोर पदांवरील तीन व्यक्ती एकत्र बसल्या म्हणजे निवड निःपक्षपाती होते, अशी त्याची श्रद्धा आहे. आमच्या मते निःपक्षपातीपणा पदातून येत नाही, प्रक्रियेतून येतो. नावे कोणी सुचविली, कोणती विचारात घेतली, कोणत्या गुणांवर पसंती दिली, हे लोकांना कळले पाहिजे. जागा भरण्यास मुदत पाहिजे. आणि निवडलेल्या माणसास मुदतीपूर्वी दूर करावयाचे तर त्याचे कारण न्यायासनापुढे टिकले पाहिजे.

हा विषय साहित्यसंस्थांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकाला आपली भाषा आकाशातून किती ऐकू येईल, हे ठरविणारे एक मंडळ कोठेतरी बसलेले असते. त्याच्याकडे अर्ज करणे आपल्या सवयीचे आहे. ते मंडळ कसे निवडले जाते, हे विचारण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. शिक्षकांनी व अकादमीच्या सदस्यांनी ही सवय स्वतःस लावून घ्यावी आणि विद्यार्थ्यांनाही लावावी. ध्वनिलहरी सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्यायालयाने सांगून टाकलेच आहे. आपल्या मालमत्तेचे विश्वस्त कोण व कसे नेमतो, याची चौकशी करणे हा मालकाचा पहिला अधिकार होय.